सेवाग्रामची बा-कुटी

सेवाग्रामीं जाणारा प्रवासी बहुधा बापू-कुटी पाहण्यास जातो. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, खालीं अंथरलेली चटई, इतकें डोळे भरून पाहावें आणि वर्ध्याची वाट धरावी, असा क्रम. शेजारची बा-कुटी वाटेंत लागते म्हणून तींत डोकवावयाचें, एवढेंच. आम्ही यंदा माघांत गेलों ते मात्र मुख्यतः बा-कुटीसाठींच.

गांव वर्ध्यापासून आठ किलोमीटरांवर, म्हणजे जुन्या हिशेबानें पांच मैलांवर आहे. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी येथें आले, तेव्हां त्याचें नांव शेगांव होतें. वऱ्हाडांत दुसरें प्रसिद्ध शेगांव असल्यानें टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० सालीं तें सेवाग्राम झालें. आरंभीं सारा परिवार आदि-निवासाच्या एका छपराखालीं राही. त्या गर्दींत बाईमाणसाला आडोसा म्हणून नव्हता. ही अडचण जमनालालजी बजाजांच्या लक्षांत आली व त्यांनीं बांसाठीं ही निराळी खोली बांधविली. देशाच्या कारभाराच्या मसलती शेजारीं चालत असतां या माउलीला दार लोटून घटकाभर एकटें बसतां येईल अशी जागा कोणाला तरी सुचली, याचें आम्हांस फार अप्रूप वाटतें.

जाण्याचें कारण सांगितलें पाहिजे. आमच्या घरीं गेल्या श्रावणांत सूनबाईंचा गर्भ पांचव्या महिन्यांत गेला. शरीर महिन्याभरांत सांवरलें, मन सांवरेना. कोणीं टोंचून बोललें नाहीं. भेटीस येणाऱ्या बायका ‘अजून वय आहे’ असें म्हणून चहा घेऊन जात. पण जें गेलें त्याचें नांव कोणी काढीना. बारसें झालेलें नव्हतें, पाळणा टांगलेला नव्हता, एखादें छायाचित्रहि नव्हतें. तेव्हां घडलें तें घडलेंच नाहीं असें धरून चालावयाचें, हा आपल्या पांढरपेशा घरांतून चालत आलेला शिष्टाचार. तो मायेपोटींच पाळला जातो, आणि त्यानेंच ती बाई घरांत एकटी पडते.

कस्तुरबांचें पहिलें मूल तीन-चार दिवसच जगलें. साल १८८५, बांचें वय सोळा. त्याच सुमारास सासऱ्यांचाहि अंत झाला होता. ही हकीकत गांधीजींनीं ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेंत स्वतः लिहिली आहे. पित्याच्या अखेरच्या क्षणीं आपण जवळ नव्हतों याची लाज त्या प्रकरणांत भरून आहे, आणि त्या लाजेच्या ओघांतच बालकाचा उल्लेख येऊन जातो. बापाचा पश्चात्ताप आहे, विवाहितांस इशारा आहे. आईच्या दुःखाबद्दल एक अक्षर नाहीं. सत्याच्या एवढ्या उपासकाच्या लेखणींतून तें निसटलें. तो काळच तसा होता असें म्हणावें, तर आमच्या घरांतला गेला श्रावण कांहीं त्या काळांतला नव्हे.

बा-कुटींत आम्हीं ही गोष्ट सूनबाईंस सांगितली. त्या बराच वेळ भिंतीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “मामंजी, त्या सोळा वर्षांच्या पोरीला कुणी जवळ घेतलं असेल का हो?”

आमची हयात संस्कृत शिकविण्यांत गेली, म्हणून आधार शोधण्याची खोड आहे. सुश्रुतपरंपरेंतील वैद्य चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव म्हणतात, आणि पांचव्या-सहाव्यांत गर्भपात. कारण तोंवर शरीराला घट्टपणा येतो. मनुस्मृति सांगते कीं जितक्या महिन्यांचा गर्भ, तितक्या रात्री मातेस आशौच. आशौचाला आपण केवळ विटाळ समजतों. आम्हांस त्या रात्रींच्या मोजणींत दुसरेंहि दिसतें: महिन्याचा हिशेब धरून शास्त्रानें त्या गर्भाची दखल घेतली आहे. पुढें मात्र शास्त्र हात आंखडतें. दोन वर्षांच्या आंतील मुलालाहि तेथें अग्नि नाहीं, उदकदान नाहीं. मग गर्भाला कोठून असणार? म्हणजे सुतक आहे, परंतु ज्याच्यासाठीं रडावयाचें त्याला देण्यास ओंजळभर पाणी नाहीं. याहून भागवतकारांस या दुःखाचें मर्म अधिक कळलें होतें असें आमचें मत आहे. दशम स्कंधांत देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरीं नेला जातो. नगरवासीयांस तें ठाऊक नसतें. देवकीचा गर्भ गळाला असें समजून ते मोठ्यानें हळहळतात. एका कैदेंतल्या बाईच्या न जन्मलेल्या मुलासाठीं गांव रडतो! पुराणिकबुवा या श्लोकावरून भराभर पुढें जातात; त्यांनीं तेथें थोडें थांबावें.

जपानांत अशा बाळांसाठीं जिझो नांवाच्या बोधिसत्त्वाच्या चिमुकल्या पाषाणमूर्ती देवळांच्या आवारांत असतात. त्यांना तांबडीं टोपरीं आणि लाळेरीं घालतात. आपल्याकडे १९६१ च्या कायद्यानें नोकरदार स्त्रीस गर्भ गेल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. मनूच्या रात्रींपेक्षां ही मोजणी उदार आहे खरी, पण ज्यांची नोकरी स्वयंपाकघरांत त्यांचें काय?

आश्रमापासून थोड्याच अंतरावर कस्तुरबा रुग्णालय आहे. बा १९४४ च्या फेब्रुवारींत पुण्यास आगाखान महालाच्या कैदेंत वारल्या. त्यानंतर डॉ. सुशीला नायर यांनीं बायका-मुलांसाठीं काढलेला लहानसा दवाखाना वाढत जाऊन १९६९ सालीं तेथें वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें. ज्या बाईचें पहिलें मूल चार दिवसांत गेलें तिच्या नांवानें आज तेथें खेड्यापाड्यांतील लेकी बाळंत होतात.

सूनबाईंना आंतून पोखरणारी शंका एकच होती: आपलें कांहीं चुकलें का? पपई खाल्ली, घागर उचलली, एस्.टी.नें माहेरीं गेलें, या गोष्टी बायका वर्षानुवर्षें मनांत घोळवितात. वैद्यकाचें उत्तर स्पष्ट आहे. ओळखूं आलेल्या दर शंभर गर्भांपैकीं सुमारें पंधरा गळतात. पहिल्या तीन महिन्यांत गळणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांचाच दोष असतो. पांचव्या महिन्यांतलीं कारणें निराळीं, तीं तपासून घ्यावीं. पण पपईच्या चार फोडींनीं किंवा एस्.टी.च्या धक्क्यांनीं गर्भ जात नाहीं. आणि झोंप, भूक, बोलणें कित्येक आठवडे हरवलेलेंच राहिलें, तर मनाच्या डॉक्टरकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. हाड मोडल्यावर आपण लाजतों काय? नवऱ्याचेंहि पाहावें. आमचे चिरंजीव सहा महिने घरांत हंसून बोलत होते, आणि रात्रीं गच्चीवर जाऊन बसत.

परततांना पवनारला उतरलों. धाम नदीच्या कांठीं विनोबांचा आश्रम आहे. १९५९ पासून तेथें ब्रह्मविद्या-मंदिराच्या भगिनी राहतात. आवारांत राम-भरत-भेटीचें एक जुनें शिल्प आहे, तें येथेंच शेत खणतांना विनोबांना सांपडलें. आमच्या मंडळी सूनबाईंना घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. चिरंजीवहि मग तेथें जाऊन बसले. आम्ही मुद्दाम शिल्पापाशींच रेंगाळलों.

मुलासाठीं मनांत धरून ठेवलेलें नांव सूनबाईंनीं त्या वेळीं सासूबाईंना सांगितलें, असें आम्हांस मागाहून कळलें. ओंजळभर पाणी तिघांनींहि सोडलें. आतां घरांत तें नांव अधूनमधून निघतें.