मापांचे दप्तर

गिरगावात आमच्या दुकानापासून चार दुकाने पलीकडे असलेली कोटाची जुनी पेढी मालकांच्या पश्चात बंद झाली, तेव्हा शिवणयंत्रे, आरसे आणि कापड बेतण्याचे सागवानी पाट लिलावात गेले. मापांच्या एकोणीस वह्या मात्र गिऱ्हाइकांसह, रीतसर करारनाम्यान्वये, आमच्या ताब्यात आल्या.

त्या वह्यांवरून मी बेतलेला पहिला कोट एका वृद्ध वकीलसाहेबांचा होता. छाती, कंबर, पाठ, बाही असे सारे आकडे मी फिरून घेतले आणि ते वहीशी तंतोतंत जुळले. तरीही कच्च्या टाक्यांतला कोट अंगावर चढताच कॉलरपासून उजव्या मुंढ्याकडे एक तिरकी चुणी उतरली. पुन्हा वही उघडली. खांद्याच्या आकड्याशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका होता, जो मी कागदाचा डाग समजलो होतो. उजवा खांदा अर्धा इंच उतरता, एवढा मजकूर त्या ठिपक्यात होता; चाळीस वर्षे अशिलांच्या कागदपत्रांची पिशवी साहेबांनी त्याच खांद्याला अडकवली होती. खांदा उसवला, उतार वाढवला, मुंढा तितकाच खाली घेतला, तेव्हा चुणी गेली.

ठिपका ज्यांच्या हातचा, त्या कटरमास्तरांविषयी करारनाम्यात एक ओळही नव्हती. येणी, उधाऱ्या, कापडाचे तागे यांची मोजदाद झाली. मास्तर मुकाट्याने गावी गेले, आणि त्या कागदावर माझीही सही आहे, याचे शल्य आजही जात नाही.

लंडनच्या सॅव्हिल रोवरही हेच घडत आले आहे. १७७१ पासूनची परंपरा सांगणारी हॉक्स आणि १७८५ पासूनची सांगणारी गीव्ह्ज या पेढ्या १९७४ साली एक झाल्या, आणि २०२२ साली ते जोडनाव खेळाच्या सामानाच्या व्यापारावर वाढलेल्या फ्रेझर्स समूहाने विकत घेतले. तिथे कोट-पँटच्या एका सुटाला किमान पन्नास तासांचे हातकाम लागते. चिकटवलेल्या कॅनव्हासचा तयार सूट त्याच्या अल्पांश वेळात उभा राहतो, आणि वाढत्या भाड्यापुढे हा हिशेब कोणत्याही पेढीला फार काळ पेलत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु नाव, पाटी आणि दप्तर यांचे हस्तांतर होते, तसे बेतणाऱ्याच्या नजरेचे होत नाही.

आता आमच्या वहीत उमेदवार मुलगा सारे अक्षरांत लिहितो. जुन्या वह्यांतील एक अर्धचंद्राकार खूण मात्र आम्हांला अद्याप लागलेली नाही. ती अकरा नावांपुढे आहे. त्यांपैकी तिघे अजून येतात, आणि त्यांच्या पाठीमागे खडू घेऊन उभा राहिलो की मी दर वेळी चुणी कुठे उतरते ते पाहत राहतो.