लाइन कुठली?

मिशिगनला आमच्या घरी अ‍ॅक्झँथिक बॉल पायथनची जोडी आहे. अ‍ॅक्झँथिक म्हणजे अंगात पिवळा रंगच नाही; नुसता काळा, राखाडी, पांढरा. असे साप वेगवेगळ्या वंशावळींतून आलेले असतात; त्यांना लाइन म्हणतात. मादी व्हीपीआय लाइनची, तिच्या आई-बापाची नोंद माझ्याकडे आहे. नर मात्र छंद सोडणाऱ्या एका माणसाकडून आला. डब्यावर फक्त ‘अ‍ॅक्झँथिक, नर’. लाइन त्यालाही ठाऊक नव्हती.

नुसतं बघून ती ओळखता येत नाही. व्हीपीआय आणि टीएसके या दुसऱ्या लाइनची पिल्लं शेजारी ठेवली, तर कुठलं कुठलं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दोन्हींतला बिघाड वेगवेगळ्या जनुकांत आहे आणि दोन्ही अप्रभावी. एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच पिवळा रंग जातो. म्हणून मी जोडी लावली ती पारख करायला. नर व्हीपीआय असेल तर सगळी पिल्लं राखाडी निघायला हवीत. मादीची ही पहिलीच वेळ होती, हे महत्त्वाचं; या माद्या आधीच्या नराचं वीर्य बरेच महिने साठवून ठेवू शकतात आणि मग सगळा निकालच संशयास्पद होतो.

अंडी साधारण ३१-३२ अंशांवर दोनेक महिने राहिली. पहिल्या अंड्याला चीर पडली तेव्हा आई पुण्याहून आलेली होती. ओलं, बोटाएवढं तोंड बाहेर आलं, डोक्याच्या कडेला स्वच्छ पिवळसर पट्टा.

“अरे, दोघंही करडी, मग हे पिवळं कसं?” आईने विचारलं.

तिला सांगितलं, जे बापाकडे बिघडलंय ते आईकडे धड आहे, आणि आईकडचं बापाकडे. पिल्लाला दोन्हीची एकेक धड प्रत मिळाली. “म्हणजे भरपाई झाली,” ती म्हणाली. अगदी बरोबर.

सगळी पिल्लं तशीच निघाली, दिसायला साधी. नर व्हीपीआय नाही, एवढं नक्की ठरलं.

आमच्या जवळच्याच ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात लोकांच्या पाळीव सापांची कात मागवून असाच अभ्यास झाला. अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो आणि अल्ट्रामेल या बॉल पायथनच्या रंगप्रकारांमागे तीन निरनिराळी जनुकं आहेत, हे २०२२ साली त्यांनी छापलं. अल्बिनो आणि लॅव्हेंडरची जोडी लावली की पिल्लं साधी का होतात, ते त्यातून स्वच्छ कळतं. आपल्या साध्या कातीत एवढं दडलेलं असतं, याचा मला अजून आनंद वाटतो.

ही भावंडं आपसांत जुळवायची नाहीत, हे मी ठरवलंय. सोळांत सरासरी सात राखाडी निघतील, पण त्यातलं कुठलं कुठल्या लाइनचं हे रंगावरून कुणालाच सांगता येणार नाही. आणि पुढे विकत घेणाऱ्याची वर्षं फुकट जातील. मादी तयार व्हायलाच तीनेक वर्षं लागतात.

पिल्लं देताना डब्यावर लिहिलं: ‘डबल हेट. एक व्हीपीआय. दुसरी लाइन अज्ञात, व्हीपीआय नव्हे.’ डबल हेट म्हणजे दोन्ही जनुकांची एकेक बिघडलेली प्रत असलेलं. किंमत कमी आली, ती येणारच होती. नरासाठी आता टीएसकेची नोंद असलेली मादी घेतली आहे. ती अजून लहान आहे, उंदराचं पिल्लू कसंबसं गिळते.