शकुंतलेच्या माहेरून करवीरनगरीस

आम्ही राहतो ते टिटवाळे महागणपतीमुळे सर्वांना ठाऊक आहे. कण्व मुनींचा आश्रम याच परिसरात होता आणि शकुंतला येथेच वाढली, अशी लोकांची श्रद्धा आहे. मराठी संगीत रंगभूमीला खरा बहर आला तो अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतल' नाटकाने. म्हणजे त्या रंगभूमीच्या लाडक्या नायिकेचे माहेर आमच्या गावी! तरीही नाटक पाहावयाचे तर आम्हा टिटवाळेकरांना लोकल गाडीने कल्याण गाठावे लागते.

त्याच कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून आम्ही कोल्हापूरला गेलो, ते केशवराव भोसले नाट्यगृह पाहण्यासाठी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ही वास्तू आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती, हे दुर्दैव अधिकच बोचते. आम्ही गेलो तेव्हा दगडी भिंती तेवढ्या उभ्या होत्या. रंगमंचाच्या जागी मोकळे आकाश दिसत होते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात हे नाट्यगृह 'पॅलेस थिएटर' या नावाने उभारले. त्याला लागूनच त्यांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले. १९०२ च्या युरोप प्रवासात रोममधील प्राचीन प्रेक्षागारे पाहून महाराजांना ही प्रेरणा मिळाली, असे सांगतात. एकीकडे बलोपासना, दुसरीकडे कलोपासना. मध्ये केवळ एक भिंत. प्रजेला अन्न हवे तसा आनंदही हवा, हे त्या राजाने जाणले होते.

केशवराव १८९० साली जन्मले ते याच कोल्हापुरात. बालवयातच ते नाटक मंडळीत गेले आणि देवलांच्या 'शारदा' नाटकातील नायिकेच्या भूमिकेने गाजले. १९०८ मध्ये त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी! दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक देशकार्यासाठी एका मंचावर उभे राहिले. त्याच वर्षी वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव निवर्तले.

त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. सेमिनरीत आम्हांला शिकवीत, की प्रवचनकाराचा शब्द शेवटच्या बाकावरील म्हातारीपर्यंत पोहोचला पाहिजे. तो पोहोचविणे किती कष्टाचे असते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. गाणाऱ्याचा गळा आणि ऐकणाऱ्याची शांतता यांची जोड जमली, तरच ते साधते.

कोल्हापूरने ही ऐकण्याची सवय पुस्तकांच्या बाबतीतही जोपासली. तेथील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची. 'ययाति'कार वि. स. खांडेकर याच नगरीत राहिले. मराठीला पहिले ज्ञानपीठ त्यांनीच मिळवून दिले. अशा गावात नाट्यगृह जळते तेव्हा माणसे घरचे कोणी गेल्यासारखी रडतात. पिढ्यान् पिढ्या तेथे जाऊन बसल्यावाचून असे रडू येत नाही.

म्हणूनच परतीच्या वाटेवर आम्हांला आमच्या गावाची चिंता वाटू लागली. टिटवाळ्यात दरवर्षी नव्या इमारती उठतात. पहाटेची गाडी गाठणारी आणि रात्री थकून परतणारी माणसे त्यांत राहतात. एका छताखाली शेजाऱ्याला शेजारी लावून काही ऐकावे, असे आमच्यापाशी काय आहे? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून ज्ञानदान करीत आहे. आमच्यापैकी किती घरांत तेथील पुस्तक येते?

राजाश्रयाची वाट पाहण्याचे दिवस गेले. शाळेचे सभागृह, चार कनाती, एक कपाट पुस्तके, एवढ्यावरही आरंभ होऊ शकतो. नाटक बसविताना मुलांचे उच्चार सुधारतील, भित्र्यांना कंठ फुटेल आणि त्यांचे आईबाप दोन तास एकत्र बसतील. कोल्हापूरचे नाट्यगृह पुन्हा उभे राहील, कारण ते हवे असलेली माणसे तेथे आहेत. टिटवाळ्यात आधी अशी माणसे घडवावी लागतील.