डाव्या काठावरचा हात

माझ्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये या नावांच्या फाइली आहेत: आईचा इरकली काठ, एस्टी तिकीट फाटकं, मोदकाची कळी, पत्रिका हळदीचा डाग, पेण पापड लेबल. नवऱ्याने एकदा चुकून तो फोल्डर उघडला आणि विचारलं, "ही कसली यादी? वाण्याची की बोहारणीची?" दोघांचीही, म्हटलं. या सामानातून मी पानं करते. घरातले, सहलीतले, सणावारांचे जुने-नवे फोटो, त्यांच्यामागे काठाचा किंवा कागदाचा पोत, बाजूला एखादं तिकीट आणि खाली चार ओळी. पान बारा इंच बाय बारा इंच, म्हणजे पडद्यावर ३६०० बाय ३६०० ठिपक्यांचं. एकावर एक थर चढवत जायचे. पातोळ्या करताना हळदीच्या पानावर पिठी, पिठीवर सारण, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे खालचा थर पुन्हा उचलून बघता येतो.

हा नाद नवा नाही. पेणला आमच्या घरी काळ्या जाड पानांचा एक अल्बम होता. दोन पानांच्या मध्ये कुरकुरणारा पातळ पांढरा कागद. फोटोला डिंक लावायचा नाही, त्याची चार टोकं चार छोट्या त्रिकोणी कोपऱ्यांत अडकवायची आणि कोपरे जिभेने ओले करून चिकटवायचे. हे काम आईचं. कोपरे चाटून झाले की ती पांढऱ्या पेन्सिलीने फोटोखाली लिहायची. अक्षर बारीक, उजवीकडे किंचित कललेलं, आणि मजकूर टपालखात्याला शोभेल असा: 'मुंज, वैशाख', 'गौरी, मोठ्या वहिनी नाहीत'. नाहीत ते का, हे लिहायची तिला गरज वाटली नाही.

त्या अल्बमात एक पान असं होतं की चार कोपरे जागच्या जागी, खाली आईच्या अक्षरात आत्याचं नाव, आणि मध्ये नुसता काळा कागद. आत्याचा एकुलता एक चांगला फोटो स्थळाकडे पाठवला होता. स्थळ जमलं नाही आणि फोटोही परत आला नाही. पुढे आत्याचं लग्न झालं, मुलं झाली, पण ते चार कोपरे कुणी काढले नाहीत आणि तिथे दुसरा फोटोही लावला नाही. मी ते रिकामं पान जसंच्या तसं स्कॅन करून घेतलं आहे. आत्याला दाखवलं तर म्हणाली, "बरं झालं गेला तो. नाक फार मोठं आलं होतं."

हायस्कुलात गेल्यावर दिवाळीची भेटकार्डं करायचं वेड लागलं. कार्डशीटची घडी घालायची, त्यावर पिंपळाचं नाहीतर नेच्याचं पान ठेवायचं, जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासायचा. तुषार उडतात, पान उचललं की पांढरी आकृती उरते. दोरा रंगात भिजवून घडीत दाबून ओढायचा, भेंडीचे ठसे मारायचे. पेणला असल्याचा फायदा म्हणजे रंगांची ददात नव्हती. गणपतीच्या कारखान्यांत पितांबराचा पिवळा, शेल्याचा गुलाबी, मुकुटाचा सोनेरी असे उरलेले रंग करवंटीत मागून आणता यायचे. आमच्या दिवाळीच्या पणत्यासुद्धा त्यामुळे गणपतीसारख्या दिसायच्या. लिफाफा उघडा ठेवला की बुकपोस्टाने कमी तिकिटात जाई, म्हणून आत काही खाजगी लिहायची चोरी. मोठे काका पोस्टमनच्या आधी वाचतील याची खात्री असल्याने आम्ही लिहीतही नव्हतो.

लग्नानंतर आला तो चिकट पानांचा अल्बम. प्लॅस्टिक उचला, फोटो ठेवा, प्लॅस्टिक दाबा, झालं. कोपरे नाहीत, चाटणं नाही आणि लिहायला जागाही नाही. आमच्या १९९१ सालच्या लग्नाचे फोटो त्यात आहेत. आहेत म्हणजे अडकले आहेत. त्या गोंदाच्या रेघा काही वर्षांत पिवळ्या पडल्या आणि फोटो पानाला असे धरून बसले की ओढावेत तर फाटतील. शेवटी दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा ओढत मी एकेक सोडवला. एक गंमत तेव्हा दिसली. सत्तरच्या दशकातले कृष्णधवल फोटो अजून खणखणीत आहेत आणि आमच्या लग्नाचे रंगीत फोटो तांबूस झाले आहेत. रंगीत कागदातला निळसर रंग आधी उडतो आणि लाल तेवढा मागे राहतो. स्कॅन केल्यावर दोन बटणांत तो रंग परत आणता येतो, तसा मी आणला, आणि मग अर्ध्यावरच थांबले. पूर्ण दुरुस्त केलेला नवरा ओळखू येईना.

पडद्यावर पान करण्याचा प्रकार मला दाखवला तो न्यू जर्सीतल्या मामेबहिणीने. तिकडे हा रीतसर छंद आहे. त्याची दुकानं आहेत, त्याच्यासाठी खास कागद आणि कात्र्या मिळतात. कात्रणं चिकटवायच्या वहीचा नाद त्या देशात जुनाच. मार्क ट्वेनने तर पानांवर आधीच डिंक लावलेल्या वहीचं १८७३ साली पेटंट घेतलं होतं. न लिहिलेल्या पुस्तकावर पैसे कमावणारा लेखक म्हणून मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. आताच्या लाटेचं श्रेय युटामधल्या मेरिएलन क्रिस्टेन्सन या गृहिणीला देतात. तिने १९८० साली सॉल्ट लेक सिटीतल्या एका मोठ्या परिषदेत आपल्या घरच्या अल्बमांचे पन्नासावर खंड मांडले आणि पुढच्याच वर्षी या सामानाचं दुकान काढलं.

बहिणीने हे सगळं सांगितलं तेव्हा मला आजीच्या देवघरातली लक्ष्मी आठवली. राजा रविवर्म्याच्या छापखान्याची तसबीर. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला तो छापखाना घराघरांत देव पोचवत होता, आणि घराघरांतल्या बायका त्या छापील देवांना खरी वस्त्रं नेसवत होत्या. आजीच्या लक्ष्मीच्या साडीवर टिकल्या होत्या, काठाला खरी जर. छापून आलेल्या चित्रावर आपला हात फिरल्याशिवाय ते आपलं होत नाही, हे त्या बायकांना कुठल्याही परिषदेत न जाता कळलं होतं.

बहिणीने पाठवलेलं सामान मात्र आमच्या कामाचं नव्हतं. हिमकण, भोपळे, लालभडक मेपलची पानं, पायमोजे टांगलेली शेकोटी. त्या हिमकणांत मी मुलाचा गोकुळाष्टमीचा फोटो बसवून पाहिला. दहीहंडी फ्रीझरमध्ये ठेवल्यासारखी दिसली. तेव्हा ठरवलं की सामान आपलं आपणच करायचं. आईचं विरलेलं इरकली लुगडं स्कॅनरच्या काचेवर पसरलं. वाहकाने चिमट्याने भोकं पाडलेली एस्टीची तिकिटं बाबांच्या डायरीत सापडली. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेली हळद स्कॅनमध्ये इतकी सुंदर उतरली की तिचा मी कागदच केला.

मग अडलं लिहिण्यापाशी. तेव्हाच्या त्या सॉफ्टवेअरला देवनागरी झेपत नव्हती. 'दिवाळी' लिहिलं की पहिली वेलांटी उडी मारून भलत्या अक्षरावर बसायची आणि जोडाक्षरं तर भांडण झाल्यासारखी सुटी व्हायची. आईने चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाली, "हे कोण शिकवतं त्याला?" मी कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. तू लिही, मी उचलते. तिच्या अक्षराचा स्कॅन फोटोवर ठेवून 'मल्टिप्लाय' केलं की कागदाचा पांढरा नाहीसा होतो आणि शाई तेवढी राहते. आता युनिकोड आलं, देखणे फाँट आले, वेलांट्या जागेवर बसल्या, तरी माझ्या पानांवरचा मजकूर आईच्याच हातचा असतो. तिचा हात अलीकडे थोडा कापतो. तो कंप मी काढत नाही.

माझ्या हातात सफाई आली तसा अहंकारही आला. विशेषतः सावल्यांच्या बाबतीत. नवशिक्या माणसाचं पान ओळखायचं तर सावल्या बघाव्यात. फोटोची सावली उजवीकडे, तिकिटाची डावीकडे, म्हणजे एका पानावर दोन सूर्य उगवलेले. माझ्या पानावर सूर्य एकच असतो, असं मी लोकांना ऐकवायचे.

२०१३ साली बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यासाठी मुरूडच्या सहलीचं पान करायला घेतलं. १९७७ चा मे महिना, मी नऊ वर्षांची. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुरूडच्या वाळूत फोटो काढले होते. आगफा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा फोटो, कितवा चालू आहे तो आकडा मागच्या लाल काचेतून बघायचा. फोटो जेमतेम सव्वादोन इंची चौकोनी. मी निवडला त्यात समुद्राकडे पाठ करून आई, भाऊ आणि मी. फोटो चांगला, पण डाव्या काठावर कुणाचा तरी पाठमोरा खांदा, शर्टाची बाही आणि आमच्या दिशेने पुढे केलेला हात. कोणीतरी मध्येच आलेला माणूस. दोन संध्याकाळी घालवून मी त्याला पुसला. उजवीकडची वाळू उचलून डावीकडे, लाटेचा तुकडा उचलून खांद्याच्या जागी. वाळूतलं एकच पाऊल त्यामुळे दोनदा उमटलं, ते माझ्याशिवाय कुणाला दिसलं नसतं. वाळूवर तिरकी लांबट सावलीही होती, पार भावाच्या पायांपर्यंत गेलेली. ती फोटो काढणाऱ्या बाबांची असणार असं धरून मी ठेवली. प्रेमाने ठेवली म्हणा ना. फोटोत नसलेले बाबा निदान सावलीने तरी आहेत, असं एक वाक्यही खाली लिहिणार होते. नशीब, लिहिलं नाही.

पाटावरून उठल्यावर बाबांनी पान हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले.

"ही सावली ठेवलीस," ते म्हणाले, "आणि तात्याला कुठे घालवलंस?"

तात्या त्यांच्या कचेरीतले. कॅमेरा त्यांचा, रोलही त्यांचा. सहलीचे अकरा फोटो त्यांनीच काढले होते, आणि अकराही फोटोंत बाबा आहेत. बारावा उरला तेव्हा ते बाबांना म्हणाले, तुझ्या पोरांचा एक फोटो तू काढ. बाबांनी तोवर कॅमेरा हातात धरला नव्हता. तात्यांनी बटण दाखवलं, पुढे होऊन आम्हाला हात करून जागेवर थांबवलं, आणि ते बाजूला व्हायच्या आत बाबांनी बटण दाबलं. बाबा म्हणाले, "मला वाटलं, लगेच दाबायचं असतं."

रोल धुवायचे पैसेही तात्यांनी घेतले नव्हते. पुढे त्यांची बदली झाली, पत्रं चालू होती, मग ती थांबली. म्हणजे बारा फोटोंत तो माणूस जेवढा होता तेवढा मी दोन संध्याकाळी खपून नाहीसा केला होता, आणि वर त्याची सावली बाबांच्या नावावर करायला निघाले होते.

मूळ स्कॅनवरच मी काम केलं होतं आणि तीच फाइल त्याच नावाने पुन्हा जतन केली होती, हा दुसरा गाढवपणा. हा नाद असणाऱ्यांना हात जोडून सांगते, मूळ फाइलला हात लावू नका, आधी तिची प्रत काढा आणि मग काय तो उद्योग करा. माझं बुडलं नाही ते केवळ काळ्या अल्बममुळे. मुरूडचा फोटो चार कोपऱ्यांत सुखरूप होता. या वेळी १२०० डीपीआयने स्कॅन केला. मोठा करून पाहिलं तर पुढे केलेल्या हातावर घड्याळ आहे आणि बोटं पसरलेली आहेत, लहान मुलांना 'हलू नका' सांगताना पसरतात तशी. भाऊ त्या हाताकडे बघून हसतो आहे. इतकी वर्षं मी समजत होते की तो कॅमेऱ्याकडे बघतोय.

नवं पान केलं त्यात इरकली काठ नाही, तिकीट नाही. काळा कागद, चार कोपरे आणि फोटो, डावीकडून एक ठिपकासुद्धा न कापलेला. आईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. तिने बाबांना विचारून खात्री केली आणि मग लिहिलं: 'मुरूड, मे १९७७. तात्यांचा उजवा हात. कॅमेराही त्यांचाच.'