परतीची गाडी

प्रवासवर्णने लिहिणाऱ्या मंडळींची एक खोड मी वर्गात मुलांना नेहमी दाखवून देतो. ही मंडळी घरून निघतात ती मोठ्या थाटात. पहाटेचा गारवा, फराळाचा डबा, समोरच्या बाकावरचा सहप्रवासी, सगळ्यांचे साग्रसंगीत वर्णन होते. पण पाहायचे ते पाहून झाले, की लेखकमहाशयांना एकाएकी घाई सुटते. दुसऱ्या दिवशी आम्ही सुखरूप घरी परतलो, एवढ्या एका वाक्यात चारशे मैल गुंडाळून ते मोकळे होतात! जणू परतीच्या वाटेला झाडे नव्हती, नद्या नव्हत्या, चहासुद्धा कुणी घेतला नाही. अपवाद वरसईच्या विष्णुभट गोडशांचा. १८५७ च्या धामधुमीत चार पैसे मिळवायला उत्तरेत गेलेला हा भिक्षुक पुन्हापुन्हा लुटला गेला. पण परत येताना त्याच्यापाशी गंगेची कावड होती, कारण घरी म्हातारे आईबाप होते. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला, तेव्हापासून लोक त्यातली झाशी वाचत आले आहेत. मला त्यातली कावड अधिक आठवते. घरी कुणी वाट पाहत असले, तर परतीचा रस्ताही लिहिण्याजोगा होतो. नसले, तर मग लेखक करतात तेच बरे.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही पाच माणसे मोटारीने कोकणात जाऊन आलो. मी, आमची ही, थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि माझे वडील, नाना. आदल्या वर्षीच्या श्रावणात आई गेली. तेव्हापासून नाना बोलेनासे झाले होते. रुसवा नाही, तक्रार नाही. ताटात पडेल ते जेवावे, खिडकीशी बसून रस्त्याकडे पाहावे, आठ वाजता आडवे व्हावे. काही विचारले तर ‘हो’, ‘नको’, ‘बरं’. पेठेतल्या आमच्या अडीच खोल्यांत एवढी शांतता मावते कशी, याचे मला नवल वाटे. “त्यांना एकदा या घरातून बाहेर काढा,” ही म्हणाली, आणि सहल तिनेच ठरवली.

नाना एस.टी.त कंडक्टर होते. १९६६ ते २००१, सबंध पस्तीस वर्षे, मुक्काम स्वारगेट. तेव्हा मोटारीत पुढची जागा त्यांना दिली यात विशेष काही नव्हते. कात्रज मागे पडले, शिरवळ गेले, तरी ते गप्पच होते. खंबाटकीचा घाट चढायला लागलो आणि नाना एकदम म्हणाले, “सावकाश. पुढचं वळण फसवं आहे.” वळण खरोखरच फसवे निघाले. सुरूरच्या फाट्यावर ते म्हणाले, “इथं वाईची माणसं उतरायची.” साताऱ्याच्या पुढे एका बोडक्या वडाखाली, जिथे कुणाला काहीही दिसले नसते, तिथे त्यांनी बोट दाखवले, “हा विनंती थांबा. एक म्हातारी असायची, अंड्यांची पाटी घेऊन. एक अंडं फुटलं नाही कधी.” मागच्या बाकावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. नऊ महिन्यांत नाना एवढे बोलले नव्हते.

मग ते थांबलेच नाहीत. एस.टी.चे भाडे टप्प्यावर असते आणि एक टप्पा सहा किलोमीटरांचा, ही माहिती मुलांना झाली. कोल्हापूर किती टप्पे, आजरा किती, आंबोली किती, याची तोंडी गणिते सुरू झाली. धाकटा गणितात कच्चा. पण सहाचा पाढा त्याला आंबोलीपर्यंत पाठ झाला. चहाला थांबलो की निघताना नाना मागे वळून आम्हाला मोजत आणि म्हणत, “चला, डबल बेल.” एक घंटा थांबण्याची, दोन निघण्याची. धाकटा तोंडाने ‘टण् टण्’ करी, आणि ते झाल्याशिवाय मला गाडी हलवण्याची परवानगी नसे. मी पंधरा वर्षे महाविद्यालयात शिकवीत होतो, पण इतकी शिस्त माझ्या एकाही वर्गात मी पाहिलेली नाही.

कोकणाचे वर्णन मी करीत नाही. सावंतवाडीचा मोती तलाव, मालवणच्या धक्क्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग, आंब्याच्या पेट्या आणि फणसाचे गरे यांवर याच अंकात आणखी कुणीतरी लिहिले असेल. मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने देवगड, रत्नागिरी, गणपतीपुळे असे आम्ही वर सरकत गेलो. जयगडला मोटार फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडायची होती. सबंध मोटारीचे तिकीट काढतात हे पाहून नानांची जिज्ञासा जागी झाली. तिकीट देणाऱ्या पोराशी त्यांनी तवसाळचा धक्का येईपर्यंत गप्पा मारल्या. हिशेब कुठे भरतोस, सुट्टे पैसे कोण देतो, भांडतात का लोक? उतरताना त्या पोराने आमच्याकडे दुर्लक्ष करून फक्त नानांना रामराम केला.

गुहागरला आठवा दिवस उजाडला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

सुट्टी संपताना खट्टू होणे ही काही नवीन गोष्ट नव्हे. माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाट पाहत होते. हिला बंद घरातल्या फ्रिजची आणि गॅलरीतल्या कढीलिंबाची काळजी. थोरलीचा निकाल जूनमध्ये. पण ही नेहमीची ओझी. ती प्रत्येकाने आपापली उचलायची असतात. खरी धास्ती एकच होती आणि ती आम्ही चौघांनीही एकमेकांना बोलून दाखवली नाही. मोटारीच्या चार दारांच्या आत जे नाना आम्हाला सापडले होते, ते घराच्या एका दारातून आत शिरताच पुन्हा नाहीसे होणार, ही ती धास्ती. मोटारीत कुणाला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. घरात येते. घरात प्रत्येकाचा कोपरा ठरलेला, नानांची खिडकी ठरलेली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आईचा पाट अजून भिंतीला टेकून ठेवलेला.

मग एक गंमत सुरू झाली. सगळेजण मिळून परतीला उशीर करू लागले! थोरलीला एकाएकी गुहागरची सुरूची झाडे पुन्हा एकदा पाहायची होती. हिने चिपळूणच्या बाजारात कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्यांसाठी दीड तास घालवला. ही बाई एरवी पंधरा मिनिटांत महिन्याचा किराणा भरते. धाकट्याला दर तासाला मळमळू लागले आणि गाडी थांबली की भूक लागू लागली. मी स्वतः एका टायरात हवा कमी आहे की काय, हे दोनदा उतरून पाहिले. हवा उत्तम होती.

नाना काही बोलले नाहीत. चिपळूणहून निघताना त्यांनी फक्त एवढेच विचारले, “सूनबाई, घराची किल्ली कुणाकडे आहे?”

“माझ्या पर्समध्ये, नाना.”

पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट चढून आम्ही वर आलो. हेळवाकला चहा झाला. नानांनी आम्हाला मोजले, आणि डबल बेल द्यायच्या आधी पुन्हा विचारले, “किल्ली आहे ना?”

“आहे, नाना.”

पाटण आले तेव्हा उन्हे कलली होती. नानांनी हात वर केला. म्हणजे एक घंटा. मी गाडी कडेला घेतली. ते खाली उतरले, स्टँडच्या दिशेला बराच वेळ पाहत उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, “इथं आमची मुक्कामी गाडी लागायची. भूकंप झाला त्या रात्री मी इथंच होतो.”

११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या आत कोयनानगर हादरले. नाना त्या वेळी गाडीतच, मागच्या लांब बाकावर घोंगडी पांघरून झोपलेले. “मला वाटलं ड्रायव्हर उठवतोय. शिवी देणार होतो. डोळे उघडले तर गाडी पाळण्यासारखी हलतेय आणि ड्रायव्हर बाहेर रस्त्यावर उभा.” मग उजाडेपर्यंतचा अंधार, कोसळलेल्या भिंतींची धूळ, कुत्र्यांचे रडणे. दोन दिवस गाडी तिकडेच राहिली. माणसे इकडून तिकडे पोचवायची होती, तिकिटे कोण फाडणार? तिसऱ्या दिवशी रात्री नाना पुण्याला आले. लग्नाला आठ महिने झालेले. घरात फोन नाही. पुण्यालाही धक्के बसलेले आणि वर्तमानपत्रांत कोयनेखेरीज दुसरी बातमी नाही.

“मग?” थोरलीने विचारले.

“मग काय? वाड्याचा जिना चढलो. कडीला हात लावायच्या आत दार उघडलं. तुझी आजी म्हणाली, ‘आलात? पाणी तापलंय.’ बस्स. एवढंच.” नाना मोटारीत जाऊन बसले. काचेतून समोर पाहत म्हणाले, “पुढंही तसंच. गाडी अकराला येवो की दोनला. पावलं ओळखायची ती.”

या खेपेला धाकट्याला ‘टण् टण्’ करायची आठवण राहिली नाही. मी तशीच गाडी काढली.

उंब्रजला हमरस्ता लागला. दिवे लागले. साताऱ्यात जेवण झाले. त्या दिवसांत खंबाटकीचा नियम असा होता, की पुण्याहून जाताना घाट चढायचा आणि पुण्याला येताना बोगद्यातून यायचे. जाणाऱ्याला वळणे, दरी, वारा, आणि येणाऱ्याला एक सरळ भोक! रस्ते बांधणाऱ्यांनाही परतीबद्दल तेच वाटते, जे प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांना वाटते. नानांच्या नोकरीची बहुतेक वर्षे तो बोगदा नव्हताच. बोगद्यात शिरलो तसे ते डोळे मिटून बसले, आणि बाहेर पडल्यावर तिसऱ्यांदा म्हणाले, “सूनबाई, किल्ली.”

या वेळी ही ‘आहे’ म्हणाली नाही. तिने पर्स उघडली, किल्ली काढली आणि मागून हात लांबवून नानांच्या तळव्यावर ठेवली. नानांनी मूठ मिटली. शिंदेवाडीला ते म्हणाले, “नव्या बोगद्यानं नको. जुन्या घाटानं घे.” जुना कात्रज घाट म्हणजे स्वारगेटच्या गाड्यांची त्यांची रोजची वाट. घाटावरून पुण्याचे दिवे एकदम खाली पसरलेले दिसतात. मुले झोपली होती. मी गाडी दुसऱ्या गियरमध्ये, अगदी सावकाश उतरवली. नानांनी एकाही वळणाचे नाव घेतले नाही.

घरी पोचायला साडेअकरा झाले. आंब्यांच्या पेट्या, आगळाच्या बाटल्या आणि पेंगणारा धाकटा यांना घेऊन आम्ही जिना चढलो. नाना पुढे. दाराशी ते थांबले. जिन्यातला दिवा गेलेला होता. कुलपाचे भोक चाचपायला त्यांना वेळ लागला; किल्ली एकदा उलटी लागली, एकदा निसटून खाली पडली. थोरलीने वाकून उचलली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली. बॅटरी लावू का, असे मी विचारणार होतो, पण हिने माझ्या दंडाला हात लावला. आम्ही चौघे अंधारात सामान घेऊन उभे राहिलो. तीन-चार मिनिटे गेली असतील. मग कुलूप उघडले. नाना आत गेले, दिवा लावला, स्वयंपाकघरात जाऊन बंद खिडकी उघडली आणि तिथूनच म्हणाले, “कुणाला आंघोळ करायची असेल तर पाणी तापत ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तरपत्रिकांचा पहिला गठ्ठा सोडून बसलो होतो. नाना खिडकीशी नव्हते. तासाभराने जिन्यात पावले वाजली आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरू लागली. दार नुसते लोटलेले होते. आम्ही सगळे आतच होतो. किल्ली दोनदा इकडे, दोनदा तिकडे फिरली. मग नाना आत आले.

“बसते बरोबर,” ते म्हणाले. “जोडकिल्ली करून आणली. पन्नास रुपये घेतले लेकाच्यानं! पन्नास रुपयांत माझ्या वेळी दोन माणसं कोल्हापूरला जाऊन आली असती.” आणि कोल्हापूर म्हणजे किती टप्पे, हे त्यांनी धाकट्याला विचारले.