घडी घातलेला मंडप

सार्वजनिक कार्य अंगावर घेतलेल्या मनुष्यास ईश्वराची आठवण वारंवार होते, व ती बहुधा पैशाच्या निमित्तानें होते. आम्हीही ह्यास अपवाद नाहीं. खेड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलींकरितां तालुक्याच्या गांवीं एक लहानसें वसतिगृह बांधावें, ह्या हेतूनें कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही सहा-सात जण एकत्र आलों, आणि चिटणीसपद आमच्या गळ्यांत पडलें.

पैसा अपेक्षेपेक्षां लवकर जमला. नकाशांतील आठ खोल्यांस पुरेल इतकी रक्कम हातीं आली आणि आम्हांस एकाएकीं भय वाटूं लागलें. उद्यां विटांचा भाव चढला तर? काम अर्ध्यावर अडलें तर? आम्हीं रक्कम मुदतीच्या ठेवींत टाकली व वर्गणी चालूच ठेवली. सहकाऱ्यांनीं विचारलें कीं, आम्ही गंभीर चेहऱ्यानें म्हणत असूं, "ईश्वराची वेळ यावी लागते." हें वाक्य सभेंत फार उपयोगी पडतें, त्यावर कोणास उलट प्रश्न करतां येत नाहीं. दोन जून महिने असे गेले. दोन्ही वेळां मुलींचे अर्ज आम्हीं स्वहस्तें परत केले.

त्याच सुमारास आमचे एक बेने इस्राएल स्नेही, मूळचे अलिबागकडील, दर रविवारीं सकाळीं येत व त्या आठवड्याचा तोरेचा पाठ आमच्याबरोबर वाचीत. त्यांच्या पणजोबांच्या घरीं तेलाचा घाणा होता. कोंकणांत ह्या लोकांस 'शनवार तेली' म्हणत. कारण शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. सातांतील एका दिवसाची कमाई पिढ्यान् पिढ्या सोडणें हातावर पोट असलेल्यास सोपें नव्हे. रानांत इस्राएल लोकांस रोज माणशीं एक ओमर मान्ना मिळे, उद्यांकरितां उरवून ठेवल्यास त्यांत किडे पडत, आणि सहाव्या दिवशीं मात्र दुप्पट मिळून तो दुसऱ्या दिवशींही चांगला राही, ही कथा आम्ही ग्रंथांत वाचीत होतों. त्यांच्या वाडवडिलांनीं ती बंद घाण्याशेजारीं बसून पाळली होती.

पुढें निवासमंडपाचे अध्याय आले. पूर्वीं आम्हीं ते कंटाळवाणे समजून चाळले होते. ह्या खेपेस चिटणिसाच्या डोळ्यांनीं वाचले. ६,०३,५५० पुरुष, प्रत्येकीं अर्धा शेकेल, श्रीमंतानें अधिक द्यावयाचा नाहीं, गरिबानें कमी नाहीं. त्या रुप्याचे १०० किक्कार, त्यांच्या १०० बैठका, उरलेल्या १,७७५ शेकेलांच्या आंकड्या वगैरे. मोशेसारख्यानेंही पै न् पैचा हिशेब द्यावा, हें पाहून आम्हांस मोठें समाधान वाटलें. परंतु त्याच्या दोन अध्याय आधीं निराळीच हकीकत आहे. लोक रोज सकाळीं इतकें आणूं लागले कीं, बसालेल व त्याचे कारागीर हातांतलें काम टाकून मोशेकडे गेले व हें कामापुरतें होऊन फार उरतें आहे असें कळवते झाले. मोशेनें छावणीभर दवंडी पिटवून देणग्या बंद केल्या. वर्गणी थांबवणारा चिटणीस आमच्या तरी पाहण्यांत दुसरा नाहीं. स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. आम्हीं पान उलटलें.

मग त्यांनीं मिद्राशांतील एक कथा सांगितली. मंडपाचें काम किस्लेव्ह महिन्याच्या २५ तारखेस, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, संपलें. परंतु तो उभारला मात्र निसानच्या पहिल्या दिवशीं, वसंतांत. मध्यंतरीं तीन महिने सर्व कांहीं घडी घालून ठेवलेलें. आपल्या हातून कांहीं दोष घडला असावा, अशी लोकांत कुजबुज सुरू झाली. खरें कारण एवढेंच कीं, इसहाक ज्या महिन्यांत जन्मला त्या महिन्यांत मंडप उभा राहावा अशी ईश्वराची इच्छा होती. (बिचाऱ्या किस्लेव्हला मागाहून त्याच तारखेचा हनुक्का देऊन कथाकारांनीं त्याची भरपाई केली आहे!)

आम्हांस हर्ष झाला. "पाहा," आम्ही म्हणालों, "वेळ यावी लागते ती अशी!"

स्नेह्यांनीं चष्मा काढून पुसला. "प्रोफेसरसाहेब, तिथें फळ्या तयार होत्या, पडदे शिवून झाले होते. माणसाकडचें काम कांहीं उरलें नव्हतें, म्हणून पुढची वेळ ईश्वराची. तुमच्या जागेवर अजून कुदळ तरी पडली आहे का?"

आम्हीं चहा सांगितला. दुसरें कांहीं सुचलें नाहीं.

पुढल्या सभेंत आम्हीं ठेवीचा आंकडा मांडला व उशीर आमच्या भित्रेपणाचा होता, असें कबूल केलें. पाया खणला. विटांचा भाव चढलाच, हें लपवीत नाहीं. सात खोल्या पुऱ्या झाल्या व आठवीचें छत राहिलें. तिच्यावर पत्रे घालून वसतिगृह उघडलें.

परत केलेल्या अर्जांपैकीं एका मुलीच्या वडिलांचें नांव आमच्या वर्गणीदारांच्या यादींत आहे. रुपये १०१. जागा झाल्याचें पत्र आम्हीं त्यांना घातलें. मुलीचें गेल्या वैशाखांत लग्न झालें, असें उत्तर आलें. खालीं दोन ओळी होत्या: धाकटी यंदां दहावीला आहे, जूनमध्यें तिला जागा मिळेल काय?