दहा नंबरचा सदरा

भाऊबीजेला अमरावतीच्या बहिणीकडे जायचे, म्हणजे हावडा मार्गाची गाडी धरून बडनेऱ्याला उतरायचे, हा माझा ठरलेला क्रम. यंदा वाटेत अकोल्याला एक मुक्काम केला. निघताना तिथल्या चुलतबहिणीने आपले अकरा वर्षांचे चिरंजीव माझ्या स्वाधीन केले. अंगात पिवळाजर्द सदरा, पाठीवर भला मोठा दहाचा आकडा!

"कोणाचा रे हा नंबर?" मी सहज विचारले.

"पेलेचा! मामा, तुमाले पेले माहीत नाही?"

झाले! मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस पांढराशुभ्र फुलला होता आणि आत ब्राझील. सतराव्या वर्षी, १९५८ च्या अंतिम सामन्यात स्वीडनवर दोन गोल. मग १९६२ आणि १९७० धरून तीन विश्वविजेत्या संघांत नाव. पेलेने १९७७ साली खेळ सोडला तेव्हा या पोराचा बाप जन्मलाही नव्हता. २०२२ मध्ये तो गेला, पण सदरा अजून अकोल्याच्या बाजारात खपतो आहे!

"त्याच १९७७ मध्ये तो कलकत्त्याला मोहन बागानविरुद्ध खेळला," मीही थोडी विद्वत्ता पाजळली. "म्हणजे याच रुळांच्या त्या टोकाला."

पोरगा जरा वेळ रुळांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अन् आपल्या इकडून कोनी नाही गेलं काय बाहेर खेळाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात नेले. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेले हे रोप. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने साता समुद्रापलीकडच्या लोकांना आपला हुतूतू, म्हणजेच कबड्डी, खेळून दाखवली, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले.

"त्याइच्या नावाचा सदरा भेटते काय?"

मी गप्प झालो. ब्राझीलच्या खेळाडूची कुंडली आम्हाला तोंडपाठ, आणि बर्लिनला गेलेले आपले गडी मात्र आमच्या तोंडी नुसते 'पथक'! सदरा सोडा, त्यांची नावे तरी आपण घराघरांतून मुलांना सांगितली का?

एक मात्र खरे. त्यांचा खेळ टिकला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला मानाचे पान मिळाले आणि सुवर्णपदक भारताने आणले. आता तर घरोघरी दूरचित्रवाणीवर तिचे सामने रंगतात.

परतताना वाटेतल्या एका मोकळ्या जागेत पोरांनी मातीत रेघ मारली होती. गडी कमी पडत होता. आमचे चिरंजीव विचारायच्या आत रेघेपलीकडे! "कबड्डी, कबड्डी" करीत दहाचा आकडा एकटाच शत्रूच्या मुलखात शिरला. पण चौघांनी पाय धरले आणि दम सुटला.

धुळीने माखून, बाही उसवून स्वारी परत आली.

"काय पेले, सापडलात?"

"मामा," धापा टाकीत तो म्हणाला, "पेलेले बी धरलं असतं त्याइनं!"